तिसरा हप्ता आणि शेवटचा प्रसंग

शाईचा_डाग

सरळ मुद्द्यावर येते, कारण झोप झालेली नाही.

माझा पहिला मोठा चित्रपट सरकारी निधीवर उभा आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. करारात गोपनीयतेचं कलम आहे आणि पुढचा पैसाही त्यांच्याकडेच आहे, दोन्ही कारणं पुरेशी आहेत. पैसे चार हप्त्यांत मिळायचे: सही झाल्यावर २० टक्के, चित्रीकरणाच्या तोंडावर ४०, रफ कट (म्हणजे पहिलं कच्चं संकलन) पाहिल्यावर २५ आणि शेवटची प्रत व तपासलेले हिशोब दिल्यावर १५. पहिले दोन वेळेवर आले, खोटं कशाला बोलू. तिसरा अडकलाय.

गोष्ट दोन बहिणींची. वडिलांचा छापखाना वारशात आलाय आणि तो बंद करायचाय. शेवटच्या प्रसंगात थोरली रात्री एकटी येते, छपाईचं ट्रेडल मशीन चालू करते आणि कागद न घालताच चालवत राहते. ज्यांनी खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा, छापखाना पाहिलाय त्यांना कळेल की असं केलं तर शाई कागदामागच्या बैठकीवर बसते आणि सगळं बरबटतं. वडील असते तर ओरडले असते. आता ओरडणारं कुणी नाही, एवढंच त्या प्रसंगात आहे. धाकटी दारात येऊन उभी राहते आणि काही न बोलता निघून जाते. चार मिनिटं, एकही संवाद नाही.

समितीने रफ कट पाहिला. तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्यातली दोन वाक्यं मला आता पाठ झालीत: "चित्रपटाची लांबी सुमारे ९ मिनिटांनी कमी करावी. शेवट अधिक सकारात्मक करून छापखाना पुन्हा सुरू होण्याची शक्यता सूचित करावी."

आता गंमत ऐका. हाच शेवट, शब्दाला शब्द, मंजूर झालेल्या संहितेत आहे. पान ९१. चौदा महिन्यांपूर्वी याच समितीने तो वाचून मंजुरी दिली होती. 'याच' म्हणजे पाटी तीच. आतल्या पाच माणसांपैकी तीन बदलली आहेत.

आणि समजा मी तयार झाले, तरी नवा शेवट चित्रित कशावर करू? ज्या मशीनवर आम्ही काम केलं ते चित्रीकरण संपल्यावर तीन आठवड्यांत भंगारात गेलं. चित्रपटात जे होतं तेच खरोखर झालं. हे समितीला कळवावं की नाही, हाही एक प्रश्न आहे.

ध्वनीच्या मिक्सिंगची तारीख दोनदा पुढे ढकलली. नणंदेने तिची ठेव मोडून पैसे दिलेत, ती एकदाही विचारत नाही आणि तेच जास्त लागतं.

तर प्रश्न असे. अशी सूचना पाळायलाच लागते का? कुणाला अनुभव आहे का? आणि एक मित्र म्हणतो, "त्यांना हवा तो शेवट जोडून प्रत दे, पैसे घे, बाहेर तुझी प्रत फिरव." हे कुणी केलंय का?

कात्री

शाईताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: करू नका.

मी संकलक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं होतं. एक 'समितीचा कट', एक 'आमचा कट'. फार हुशारी केली असं वाटलं. मग कळलं की करारात 'चित्रपट' या शब्दाची व्याख्या 'संस्थेकडे जमा केलेली अंतिम प्रत' अशी होती. त्यामुळे प्रमाणपत्र त्या प्रतीला, उपशीर्षकं त्या प्रतीची, संग्रहालयात ठेवली गेली तीही तीच. आमच्या प्रतीला कागदोपत्री अस्तित्वच नव्हतं. दिग्दर्शकाने पुढे एका महोत्सवात आमची प्रत पाठवली, तर संस्थेचं पत्र आलं की बोधचिन्ह काढा आणि खुलासा द्या. आजही कुणी तो चित्रपट पाहतो तेव्हा माझं नाव मी न केलेल्या शेवटाखाली येतं. म्हणजे केला मीच, पण तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय.

करार काढा आणि तिसऱ्या हप्त्याचं कलम शब्द न शब्द वाचा. त्यात 'संस्थेच्या समाधानानुसार' असं आहे की 'मंजूर संहितेस अनुसरून'? पहिलं असेल तर तुम्ही त्यांच्या हातात आहात. दुसरं असेल तर पान ९१ हाच तुमचा वकील आहे.

अवांतर: ९ मिनिटांबद्दल त्यांचं ऐकून बघा. शेवटाबद्दल नव्हे, लांबीबद्दल. पहिला चित्रपट नेहमीच ९ मिनिटं लांब असतो.

पोटमाळा

'शेवट सकारात्मक करा' ही सूचना वाचून हसू आलं, कारण ती सत्तर वर्षं जुनी आहे. 'पथेर पांचाली' पैशाअभावी रखडला तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. नावात 'पथ' आहे म्हणून दप्तरात नोंद झाली रस्ते सुधारणेच्या खाती! आणि सरकारी सल्ला काय, तर शेवट सुखाचा करा. सत्यजित राय यांनी तो मानला नाही आणि १९५५ मध्ये चित्रपट आला. गोष्ट गोड वाटते, पण त्यातून 'चांगल्या माणसाचं चांगलं होतं' असं काही निघत नाही. त्या खात्यात त्या वेळी वेगळा माणूस बसला असता, तर आपण हे नावही ऐकलं नसतं.

हप्ता अडवण्याचं अस्सल उदाहरण हवं असेल तर पश्चिम जर्मनी, १९८३. दिग्दर्शक हर्बर्ट आख्टरनबुश याच्या चित्रपटात ख्रिस्त क्रुसावरून खाली उतरतो. धर्मनिंदेची ओरड झाली आणि गृहमंत्री फ्रीडरिश त्सिमरमान यांनी मंजूर झालेल्या निधीचा उरलेला हप्ता रोखला. चित्रपट तयार होता, लोक पाहत होते, तरी रोखला. दिग्दर्शक कोर्टात गेला आणि जिंकला. पण कधी? जवळजवळ दहा वर्षांनी. ताई, तुमच्या नणंदेच्या ठेवीला दहा वर्षं परवडणार नाहीत.

आपल्याकडचं सांगायचं तर, स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात सरकारी वित्तसंस्थेची शिफारस केली आणि फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६० मध्ये निघाली. १९६९ पासून 'भुवन शोम', 'उसकी रोटी' असे चित्रपट तिच्या कर्जावर झाले. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने कान उपटले: पैसे परत येत नाहीत, चित्रपट लागत नाहीत. मग निकष आले. कथेत मानवी जिव्हाळा हवा, विषयात भारतीयपणा हवा, प्रेक्षकाला आपली वाटतील अशी पात्रं हवीत. सांगा मला, 'भारतीयपणा' कुठल्या फूटपट्टीने मोजतात?

माझं स्पष्ट मत आहे. समिती ही चीजच चुकीची. पाच जणांना एकाच वेळी न खटकणारी गोष्ट म्हणजे पाणी.

जुना_वाचक

मी लिहावं की नाही असा विचार करत होतो. मी अशाच एका संस्थेत तीन वर्षं संहिता वाचत होतो आणि पुढे एक वर्ष रफ कट पाहणाऱ्या समितीत बसलो. तेव्हा पोटमाळा म्हणतात ते पाणी मी स्वतः ओतलेलं आहे.

ते पत्रातलं वाक्य कसं तयार होतं ते सांगतो. खोलीत पाच जण. सकाळपासूनचा तिसरा चित्रपट. दिवे लागतात, कुणी तरी चष्मा पुसत म्हणतं, "शेवट जरा जड गेला, नाही?" दुसरा म्हणतो, "हं." तिसरी बाई, जिला तो शेवट खरंच आवडलेला असतो, काही बोलत नाही, कारण तिला आपला जोर पुढच्या एका चित्रपटासाठी राखून ठेवायचा असतो. मी या तिन्ही भूमिका वेगवेगळ्या दिवशी केल्यात. कोपऱ्यात बसलेला अधिकारी इतिवृत्त लिहितो. 'जरा जड गेला, नाही?' हे सरकारी कागदावर लिहिताच येत नाही. तिथे क्रियापद एकच चालतं: 'करावा'. म्हणून 'शेवट अधिक सकारात्मक करावा'. आणि 'छापखाना पुन्हा सुरू होण्याची शक्यता' हा भाग, माझी पैज आहे, कुणीच बोललेलं नसेल. 'सकारात्मक म्हणजे काय?' असं वरून विचारलं जाईल म्हणून त्या बिचाऱ्याने स्वतः उदाहरण घातलं असेल.

त्याला बिचारा म्हणतोय ते उपहासाने नाही. त्याची भीती खरी असते. नकार दिला तर त्याला कुणी विचारत नाही. जो चित्रपट झालाच नाही त्याचा हिशोब कुठल्याच लेखापरीक्षकाला दिसत नाही. होकार दिला की मात्र प्रत्येक रुपयामागे कागद लागतो. कॅनडात १९७५ साली डेव्हिड क्रोनेनबर्गचा 'शिव्हर्स' हा भयपट सरकारी पैशातून झाला, तेव्हा एका नामांकित समीक्षकाने लेखाच्या मथळ्यातच वाचकांना सुनावलं की हा चित्रपट किती वाईट आहे ते तुम्हाला कळायला हवं, पैसे तुमचे गेलेत. प्रकरण संसदेपर्यंत गेलं. त्या चित्रपटाने पैसे परत मिळवून दिले ही गोष्ट पुढची, तरी क्रोनेनबर्गला पुढच्या चित्रपटासाठी निधी मिळवणं जड गेलं. प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोक्यात असा एक मथळा छापून तयार असतो.

म्हणून शाईताई, तुम्ही काय करू नये ते आधी: समितीला कलेवरचं पत्र लिहू नका. मी अशी पत्रं वाचली आहेत. सुंदर असतात, आणि फाइलला लावली की संपतात, कारण त्यांच्यावर कारवाई काय करायची हे कुणालाच कळत नाही. पत्र अधिकाऱ्याला लिहा, एक पानाचं. त्यात विचारा: ही सूचना आहे की हप्त्याची अट आहे? अट असेल तर करारातल्या कुठल्या कलमाखाली? खाली पान ९१ ची प्रत आणि मंजुरीपत्राची तारीख जोडा. लांबीबद्दल 'सूचनेचा विचार करून फेरसंकलन करत आहे' एवढं लिहा. त्याला फाइलवर उतरवता येईल असं एक वाक्य तुम्ही त्याला द्यायचंय, उदाहरणार्थ 'सादर केलेला शेवट मंजूर संहितेशी सुसंगत आहे'. हे वाक्य त्याचं रक्षण करतं. आणि तुमचंही करतं.

मशीन भंगारात गेल्याचं लिहू नका. लिहिलंत तर तो मालमत्तेच्या नोंदीचा प्रश्न होईल. हसू नका, झालंय असं.

शेवटी एक कबुली. मी एकदा एका संहितेवर 'पात्रांशी नातं जुळत नाही' असं लिहून नकार दिला होता. रात्री एक वाजता वाचली होती, त्या रात्रीतली सातवी. तो चित्रपट पुढे दुसऱ्या पैशातून झाला. मी तिकीट काढून पाहिला. नातं जुळलं.

पोटमाळा

जुना_वाचक, तुमची कबुली माझ्या म्हणण्याचा पुरावाच झाली की! माणसाच्या आवडीवर आणि झोपेवर पैसा अवलंबून ठेवूच नये. फ्रान्सचं पाहा. तिकिटावर १०.७२ टक्के कर, तो जमा होतो सीएनसीकडे, म्हणजे तिथल्या सरकारी चित्रपट केंद्राकडे, ही संस्था १९४६ पासूनची. त्यातला एक भाग निर्मात्याच्या खात्यात आपोआप येतो, आधीचा चित्रपट किती चालला त्या प्रमाणात, आणि पुढच्या चित्रपटासाठी वापरता येतो. कुणी शेवट वाचत नाही, कुणी 'करावा' लिहीत नाही.

जुना_वाचक

आणि ज्याचा आधीचा चित्रपटच नाही त्याने काय करायचं? शाईताईंचा हा पहिला आहे. आपोआप मिळणारा पैसा आधी कमावलेल्यालाच मिळतो. हे फ्रान्सला कळलं म्हणूनच १९५९ मध्ये त्यांनी उत्पन्नावर आगाऊ रक्कम द्यायची दुसरी योजना काढली, आणि ती देते कोण? समिती.

डेन्मार्कची पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे निधीचा निर्णय सल्लागार म्हणून नेमलेली एकेक व्यक्ती घेते, ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपली की ती जाते आणि वेगळ्या आवडीचं माणूस येतं. निदान कुणावर चिडायचं ते नावानिशी माहीत असतं.

पोटमाळा

नावानिशी माहीत असणं दोन्ही बाजूंनी चालतं. दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांच्या काळात कलावंतांची काळी यादी केली होती, ९,००० हून अधिक नावं. सरकारी चित्रपट परिषदही त्यात सामील होती आणि २०१८ मध्ये तिच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. तिथे कुणी 'शेवट जड गेला' म्हणत नव्हतं. नुसता अर्ज नामंजूर. कारण विचारलं तर कारण तेच, गुणवत्तेचं.

पण समितीबद्दल एवढं मान्य करतो. पहिल्या चित्रपटाचं उत्तर माझ्याकडे नाही.

हिशोबनीस

तत्त्वज्ञान झालं असेल तर पैशाचं बोलतो. निर्माता आहे, तीन चित्रपट सरकारी निधीवर केलेत, तिन्ही वेळा शपथ घेतली की पुन्हा नाही.

तुमचा २५ टक्क्यांचा हप्ता जितके महिने अडकेल तितक्या महिन्यांचं व्याज तुमच्या मिक्सिंगमधून जाणार आहे. म्हणजे समिती शेवट बदलो न बदलो, आवाज बदलणारच आहे. संस्थांना हे कधी दिसत नाही, कारण त्यांच्या तक्त्यात 'विलंब' नावाचा रकानाच नसतो. म्हणून पत्रात दुसरी एक विनंती घाला: हप्त्याचे दोन भाग करा. तांत्रिक पूर्ततेचा भाग आता द्या, आशयावरच्या चर्चेचा नंतर. मला एकदा असं मिळालंय. अर्धंच मिळालं, पण ध्वनिसंकलकाचे पैसे चुकते झाले आणि तो माझा फोन पुन्हा उचलायला लागला.

आणि कृपा करून चिडून वर्तमानपत्रात 'ही संस्थाच बंद करा' म्हणू नका. चित्रपटवाल्यांनी चिडून म्हटलेली वाक्यं अर्थखात्यात कात्रण करून ठेवतात. ब्राझीलची सरकारी चित्रपटसंस्था एम्ब्राफिल्म सगळ्यांच्या शिव्या खात होती, तिथे गटबाजी होती हेही खरं. १९९० मध्ये सरकारने ती बंद केली आणि पुढची काही वर्षं तिथे कथाचित्रपट होणं जवळजवळ थांबलं. ब्रिटनमध्ये २०१० च्या जुलैत चित्रपटांना निधी देणारी फिल्म कौन्सिल बंद करायची घोषणा झाली. तिच्याच पैशाचा हातभार लागलेल्या 'द किंग्ज स्पीच'ला सात महिन्यांनी ऑस्कर मिळालं, आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने कौन्सिलला टाळं लागलं. तिथे निदान लॉटरीचा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवला. सगळीकडे असं होत नाही.

शाईचा_डाग

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा.

करार वाचला. कलम ७(ग) मध्ये 'मंजूर संहितेस अनुसरून' असंच आहे. कात्री, तुम्हाला काय हवं ते मागा. पण त्याच कलमात पुढे 'तसेच संस्थेच्या सूचना विचारात घेऊन' हेही आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने दोन्ही दारं उघडी ठेवलीत.

जुना_वाचक यांनी सांगितलं तसं एक पान लिहिलं. पहिला मसुदा चार पानांचा झाला होता, त्यात बाबांचा उल्लेख होता, खिळे जुळवताना त्यांची बोटं कशी काळी व्हायची वगैरे. तो मसुदा वेगळा ठेवलाय. पाठवलं त्यात फक्त तारखा, पान ९१ आणि हप्ता विभागण्याची विनंती. भंगाराबद्दल अवाक्षर नाही.

पाचव्या दिवशी अधिकाऱ्यांचा फोन आला. मला वाटलं होतं माणूस कोरडा असेल. तो म्हणाला, "मॅडम, तो शेवट मी दोनदा पाहिला." मी थांबले. तो पुढे काहीच बोलला नाही, आवडला की नाही तेही नाही. मग म्हणाला, "सूचना आहे, अट नाही, असं मी टिपणीत घेतो. तुम्ही तेवढं लांबीचं बघा." आणि जरा वेळाने: "ते सकारात्मक वगैरे मीच लिहिलं होतं."

जुना_वाचक, पैज तुम्ही जिंकलात.

लांबीचं बघितलं. पहिल्या दिवशी रागाने बसले होते, काहीच कापायचं नाही म्हणून. तिसऱ्या दिवसापर्यंत ६ मिनिटं गेली. त्यातली दोन गेल्याचं अजून दुखतंय, उरलेली चार तिथे का होती तेच आठवत नाही. हे समितीला मी कधीच सांगणार नाही.

हप्ता अजून आलेला नाही. बैठक ठरली होती, पण पाचपैकी दोघंच आले म्हणून ती पुढे गेली. नवी तारीख पुढच्या महिन्यातली आहे. मिक्सिंग तिसऱ्यांदा ढकललं. नणंदेला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "शेवट तोच आहे ना? मग राहू दे."

कात्री

कुठली ६ मिनिटं गेली?

शाईचा_डाग

गोदामातली. कागदाची रिमं मोजतात तो भाग.

कात्री

मी असतो तर आठ कापली असती.